हौदाचं झाकण

सोलापुरात माझ्या आजोळी नळाला चार दिवसांतून एकदा पाणी येई, आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी येईल हे कुणालाच सांगता येत नसे. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतला माझा प्रत्येक चौथा दिवस कान टवकारून जायचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात आधी नळातून वाऱ्याचा फुसफुस आवाज येई, मग कुणीतरी कानडीत ओरडे, "नीर बंतु!" पलीकडच्या विणकरांच्या घरांतून तीच आरोळी तेलुगूत उठे, मागच्या बाजूने "पानी आया रे" ऐकू येई, आणि बघता बघता घागरी, बादल्या, पिंपं यांचा नुसता खणखणाट सुरू होई. मी माळशिरसची. आमच्या घरामागून पाटाचं पाणी वाहायचं, उसातून फिरून कुठल्या कुठे जायचं, आणि आम्ही पोरं त्यात दुपारभर डुंबायचो. माझ्या वर्गातल्या मुली सुट्टीत आजोळच्या खेड्यात जायच्या आणि परत येऊन आंब्यांच्या गोष्टी सांगायच्या. मी खेड्यातून शहरात जायची आणि परत येऊन पाण्याच्या गोष्टी सांगायची. त्या कुणालाच खऱ्या वाटायच्या नाहीत.

आजीला आम्ही अव्वा म्हणायचो. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायच्या. अव्वा मायेनं बोलायची ती मराठीत आणि रागावायची ती कानडीत. "सुम्मनिरु!" असं ती म्हणाली की गप्प बसायचं, हे मला अर्थ कळण्याच्या आधीपासून कळत होतं. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर इरकली लुगडं आणि पायात कायम घाई. एकामागे एक अशा तीन खोल्यांचं तिचं माळवदाचं घर, मागे फरशीचं अंगण, आणि अंगणापलीकडच्या भिंतीला लागून माझ्या मैत्रिणीच्या, पद्माच्या वडिलांचा मागाचा कारखाना. चार यंत्रमाग दिवसभर खटक-फटक चालायचे. पहिले दोन दिवस त्या आवाजानं माझं डोकं उठायचं, तिसऱ्या दिवसापासून तो ऐकूच यायचा नाही. अव्वा उखळात शेंगांची चटणी कुटायची ती त्याच ठेक्यात, तेल सुटेस्तोवर. ती चटणी, उन्हात वाळवून कडक केलेली ज्वारीची भाकरी, वर दही; आणि सोमवारी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. आज साखरेच्या आजारावरच्या गोळ्या घेऊन मी हे लिहितेय, तरी हुग्गी म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं.

घरात मामा, मामी आणि त्यांची उमा होती. मामाचं सात रस्त्याजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो सकाळी जायचा आणि दिवेलागणीला यायचा. उमा लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. त्या उन्हाळ्यात ती पावणेचार वर्षांची होती, आणि मामीचे डोळे सतत तिच्या मागे फिरत. त्या नऊ वर्षांत कधीतरी माझ्या आईनं कुठल्याशा जावळाच्या कार्यक्रमात, चार बायकांसमोर, "सरोज, पाळणा माळ्यावरच ठेवायचा का गं?" असं विचारलं होतं. आई थट्टेखोर होती, तिला वाटलं ही थट्टा आहे. त्यानंतर मामी आईशी गरजेपुरतंच बोलत राहिली. आई मला पोचवायला यायची, एक रात्र राहायची आणि दुसऱ्या दिवशीची एसटी धरायची. माझ्याशी मामी वाईट वागली नाही. माझे केस विंचरायची, दह्यावरची साय मला वाढायची. तरी त्या घरात आपण आईच्या वाटणीचं सांभाळून चालायचं आहे, हे मला कुणी न सांगता ठाऊक होतं.

अंगणात जमिनीखाली हौद होता. अव्वा आत उभी राहिली तर तिचं डोकं तोंडाशी यायचं, एवढा खोल. त्याचं चौकोनी तोंड पत्र्याच्या जाड झाकणानं बंद असे आणि झाकणावर फुटक्या जात्याची तळी ठेवलेली असे. मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी अव्वानं हौदाचं काम माझ्याकडे दिलं. पाणी आलं की तळी ढकलून बाजूला करायची, झाकण सरकवायचं, रबरी नळी आत सोडायची, पाणी गेलं की झाकण लावून तळी पुन्हा वर. "येक ध्यानात ठेव शैले," ती म्हणाली होती, "झाकण उघडं टाकून मुतायलाबी जायचं न्हाई. उमी हाय घरात." मला त्या कामाचा फार अभिमान वाटायचा. पद्माला मी दोनदा सांगितलं होतं की आमचा हौद आता माझा आहे.

त्या दिवशी पाणी सकाळी दहाच्या सुमाराला आलं आणि अर्ध्या तासात गेलं. हौद निम्मासुद्धा भरला नाही. मी नळी काढून गुंडाळली, पण झाकण लगेच लावलं नाही. मला एक खोड होती. हौदाच्या तोंडाशी पालथं पडून डोकं आत घालायचं. बाहेर फरशी पाय भाजेल अशी तापलेली आणि आत गार, ओला, शेवाळी वास. आपलं नाव हाक मारून म्हटलं की ते जाड होऊन परत यायचं. मी तशीच पडले होते तेव्हा भिंतीवरून पद्मानं डोकं काढलं. "शैला, लवकर ये! मांजरीनं पिल्लं दिलीत, मागाखाली! बाबा हलवायच्या आत ये!" मी उठले आणि भिंतीला लावलेल्या शिडीवरून पलीकडे उतरले. झाकणाचा विचार मनात आला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं की आला होता. दोनच मिनिटं, असं मी मनात म्हटलं होतं.

सुताच्या वेस्टाच्या, म्हणजे टाकाऊ धाग्यांच्या ढिगात चार पिल्लं होती, डोळे मिटलेली. एक पिवळट पिल्लू पद्मानं माझ्या ओंजळीत दिलं. शेजारीच माग इतक्या जोरात चालला होता की पद्मा काय बोलतेय ते ओठांवरूनच ओळखावं लागत होतं. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मग वीज गेली. चारही माग एकदम थांबले. त्या शांततेत भिंतीपलीकडून मामीचा आवाज आला, "उमे? ए उमे, कुटं हाईस?" आवाजात अजून काळजी नव्हती, नेहमीची हाक होती. माझ्या हातातलं पिल्लू मी कुठे ठेवलं ते मला आठवत नाही.

मी शिडीवरून अंगणात उतरले तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. मामी पुढच्या दाराशी गेली होती. बोळातल्या बायकांना तिनं विचारलेलं मला ऐकू येत होतं. हौद उघडाच. मी कडेला वाकून आत पाहिलं. कडक उन्हातून आले होते, त्यामुळे काळोखाशिवाय काही दिसलं नाही. पाणी हललेलं दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही. आणि मग मी जे केलं ते असं: मी झाकण दोन्ही हातांनी ओढून हौदाच्या तोंडावर बसवलं.

इथवर लिहून मी दोन दिवस वही मिटून ठेवली होती. आत कुणी नाही अशी माझी खात्री झाली होती का? नाही. आत उमा असेल असं मला वाटत होतं का? हो, वाटत होतं, म्हणूनच मी धावत आले होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं की झाकण उघडं कुणाला दिसता कामा नये. अकरा वर्षांचं मूल भेदरलं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी शिक्षिका म्हणून तीस वर्षं अकरा वर्षांच्या मुलांत काढली आहेत, आणि भेदरलेली मुलं मदतीला ओरडतात हेही पाहिलं आहे.

माझे हात झाकणावरच होते आणि अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला चटणीचं तिखट लागलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. तीन ढांगांत ती आली, मला खांद्यानं बाजूला लोटलं, झाकण एका हातानं उपसून फरशीवर फेकलं आणि लुगड्यासकट आत उडी टाकली. साठीतली बाई. पाण्याचा आवाज झाला, मग नुसता तिच्या धापांचा आवाज, हात पाण्यात फिरवल्याचा आवाज. "शिवा, शिवा," असं ती पुटपुटत होती. मग आतून ओरडली, "धर! शैले, धर तिला!" तिनं उमाला डोक्यावर उचलून धरलं होतं. मी पालथी पडून तिचे दंड पकडले आणि ओढलं. उमाचे ओठ निळसर होते आणि मान एका बाजूला पडली होती. ती इतकी जड कशी झाली, हे मला कळेना.

मामी अंगणात आली ती तेव्हा. तिनं जो आवाज काढला त्याला माझ्याकडे शब्द नाही. त्या आवाजानंच पद्माचे वडील भिंतीवरून उडी मारून आले. त्यांनी माझ्या हातून उमाला घेतलं, गुडघ्यावर पालथी टाकली आणि पाठीवर तळव्यानं दाबत, चापटत राहिले. एकदा, दोनदा, पाचदा. बोळातल्या बायका दारात जमल्या होत्या. मग उमाच्या तोंडातून पाणी आलं, ती खोकली, पुन्हा पाणी आलं, आणि ती रडायला लागली. सगळं अंगण तिच्याबरोबर रडायला लागलं.

कुणीतरी सायकल हाणत मामाला आणायला गेलं. मामी उमाला पदरात गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "झाकण कुणी उघडं ठिवलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मी," अव्वा म्हणाली. पद्माच्या वडिलांनी तिला नुकतंच हौदातून वर घेतलं होतं. लुगड्यातून पाणी गळत होतं आणि नडगी सोलून रक्त येत होतं. "पानी किती आलं बगाया उघडलं, आन् चटनी कुटायला गेले. इसरले." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सुम्मनिरु." जमलेल्या बायकांना वाटलं ती रडणाऱ्या उमाला म्हणतेय.

मामीनं उमाभोवतीचा पदर आणखी आवळला. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचं वय झालं हे मला आदी कळाया पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-मामी उमाला घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. अव्वा नडगीवर हळद लावत होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले आणि म्हटलं, मी मामीला सांगणार. तिनं हात थांबवला. "काय सांगनार?" मी हळदीच्या वाटीकडे बघत राहिले. "उघडं ऱ्हायलं हे लेकराच्या हातनं झालं," ती म्हणाली. "झाकलंस ते मी बगितलं. माझ्याबिगर कुनी बगितलं न्हाई. हे कुनाला सांगायचं न्हाई, तुझ्या आईलाबी न्हाई. तू लेकीची लेक हाईस. तुझ्यावर आलं की सरोज तुझ्या आईला ह्या घराची पायरी चडू देनार न्हाई. आदीच लई हाय दोघींत. मला काय, मी घरातली म्हातारी. माझ्यावर चार दिस रागावतील."

चार दिवस नव्हे. महिनाभरात मामानं दुकानाच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दुकान जवळ पडतं, असं सांगितलं. हौदाचं तोंड गवंड्याकडून बुजवून घेतलं. सणावाराला मामी यायची ती उमाला कडेवर घेऊनच, आणि जाईपर्यंत खाली ठेवायची नाही. अव्वानं हात पुढे केले की म्हणायची, "झोप आलीया तिला." पोरगी टकटक बघत असायची. मी पुढच्याही सुट्ट्यांत जात राहिले. आता त्या तीन खोल्यांत आम्ही दोघीच. अव्वा दोन माणसांपुरती चटणी कुटायची, आणि भाकरी करताना सवयीनं एक लहान, तळहाताएवढी भाकरी थापायची, मग ती बराच वेळ हातात धरून बसायची. ती मलाच खावी लागायची. असा घास मी आयुष्यात पुन्हा खाल्ला नाही.

दहावीची परीक्षा देऊन मी सोलापूरला गेले त्या वर्षी तिसऱ्याच दिवशी मी अव्वाला पद्माकडे जाते असं सांगून निघाले आणि सात रस्त्याला मामीकडे गेले. मामी पापड लाटत होती. उमा नऊ वर्षांची, खिडकीत बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, कारण नंतर धीर झाला नसता. "मामी, झाकण मी उघडं ठेवलं होतं. अव्वानं नाही. मी पिल्लं बघायला गेले होते."

मामीच्या हातातलं लाटणं थांबलं. खाली दुकानात मामा कुठल्यातरी चाकाचे आरे वाजवून बघत होता, ते ऐकू येत होतं. "आन् त्यांनी खोटं सांगितलं?" तिनं विचारलं. मी मानेनं हो म्हटलं. मग पीठभरले हात लुगड्याला पुसून उठली, उमाचं मनगट धरलं, "चल," म्हणाली. मला चल म्हणाली नाही. मी त्यांच्या मागून चालत गेले.

अव्वा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मामीनं उमाला पुढे केलं आणि हात सोडला. अव्वानं आधी उमाकडे पाहिलं, मग मामीकडे, मग त्यांच्या मागे उभ्या माझ्याकडे, आणि तिचा चेहरा बदलला. आनंदानं नव्हे, भीतीनं. मामी आणि उमा आत बसल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. दंडात तिची बोटं रुतली. "किती सांगितलंस?"

"उघडं ठेवलेलं."

"आन् दुसरं?"

"नाही."

"बास," ती म्हणाली. "त्येवढंच. फुडं एक अक्षर न्हाई." आणि मग डोळ्यांना पदर लावून ती बाहेर गेली, उमाच्या शेजारी बसली आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं एक एक करून मोजावीत तशी चाचपत राहिली.

अव्वाचा हिशेब चुकला नव्हता. त्या वर्षी नागपंचमीला आईला न्यायला मामा आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. आईला मी मामीला जे सांगितलं तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "पाच वर्सं माझ्या आईला एकटी बसवलीस व्हय गं?" आणि चुलीपुढे जाऊन बसली. चार वर्षं तिला माहेर नव्हतं. उमाला मात्र आजी मिळाली. शाळा सुटली की ती पेठेतच यायची, तिथंच जेवायची, आणि अव्वा गेली तेव्हा तिच्या उशाशी उमा होती, मी नव्हते.

मामा गेला, आई गेली, आई आणि मामीमधलं पुढे बरं झालं ते आपोआप, म्हातारपणानं. हे प्रकरण लिहायचं ठरवलं तेव्हा आधी उमाला दाखवायचं हे मी पक्कं केलं होतं. गेल्या महिन्यात मी सोलापूरला गेले. उमा आता सत्तावन्न वर्षांची. मामी तिच्याचकडे असते, पंच्याऐंशीची, कानानं फार कमी ऐकू येतं. उमानं चष्मा लावून पानं वाचली. झाकण मी ओढून बसवलं त्या ओळीशी ती थांबली. परत वाचली. मग विचारलं, "किती वेळ बंद होतं?"

"एक मिनिट. त्याहून कमी असेल."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती उठली. पानं घेऊन मामीच्या खाटेपाशी गेली. "आई, शैलाताईनं लिवलंय, ऐक." मी उठून तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. ती मोठ्यानं वाचत गेली, आणि मामी "आं?" म्हणाली की आणखी मोठ्यानं. त्या ओळीला मामी तीनदा "आं?" म्हणाली. तिसऱ्यांदा उमा ओरडली, "शैलाताईनं झाकण लावलं! मी आत हुते तवा! शैलाताईनं लावलं!" समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.

मामीला ते पोचलेलं मला दिसलं. ती कितीतरी वेळ पांघरुणाची किनार बोटांनी सारखी करत राहिली. मग तिनं विचारलं, "मग उघडलं कुनी?"

"अव्वानं," उमा म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, तरी मामीला ऐकू गेलं.

"त्या बाईला मी पाच वर्सं पोरीला हात लावू दिला न्हाई," मामी भिंतीकडे बघत म्हणाली. एवढंच. मला ती जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. उमा आत जाऊन गॅसवर चहाचं आधण ठेवत होती. किती कप ठेवतेय ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.